नाला खोल करण्याआधी डाईक शोधा (साक्री, शिंदखेडा, नंदुरबार पट्टा)

बुराईकाठ

मंडळी, उन्हाळी कामांचे आराखडे ठरायची वेळ आली की नाला किती खोल, किती रुंद, पोकलेन किती दिवस, एवढीच चर्चा होते. नाल्याच्या तळाखाली खडक कसा आहे हे कुणी विचारत नाही. आपल्या पट्ट्यात तर हा प्रश्न सगळ्यांत आधी यायला हवा.

कारण डाईक. शेतातून, टेकडीवरून, नाल्याच्या तळातून काळ्या दगडाची सरळ भिंत निघते आणि मैलोन् मैल जाते, ती. लाव्हाच्या आडव्या थरांना उभी भेग पडली, त्या भेगेत खालून शिलारस चढला आणि तिथेच थिजला. रंजिनी रे, हेतू शेठ आणि ज्योतिरंजन मल्लिक या भूशास्त्रज्ञांनी नंदुरबार-धुळे भागातल्या अशा २१० डाईकांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. सर्वांत लांब डाईक ७९ किमीची, जाडी ३ मीटरपासून ६२ मीटरपर्यंत, आणि बहुतेकींची दिशा साधारण पूर्व-पश्चिम. त्यांचा विषय पाणी नव्हता, ज्वालामुखीचा इतिहास होता. पण पाण्याच्या दृष्टीने त्या नकाशाचा अर्थ सरळ आहे: आपले तापीकडे उत्तरेला जाणारे नाले या भिंतींना जवळजवळ काटकोनात छेदतात. म्हणजे नाल्याखालून वाहणाऱ्या भूजलाच्या वाटेत निसर्गाने आधीच बांध घातलेले आहेत. काही पक्के, काही फुटके.

पुणे विद्यापीठातले भूशास्त्रज्ञ रेमंड दुराईस्वामी यांनी साक्री तालुक्यातल्या डाईकांचा भूजलाच्याच अंगाने अभ्यास केला आहे. भेगाळलेली डाईक स्वतःच पाण्याचा साठा असू शकते, ही त्यातली आपल्या कामाची बाजू.

तर प्रश्न असे. शिवारातली डाईक ओळखायची कशी? ती पाणी अडवते की वाहून नेते हे विहिरींवरून कसं ठरवायचं? आणि तिच्या अलीकडे-पलीकडे खोदाई किती करायची? प्रत्यक्ष मोजमाप करणाऱ्यांनी आकड्यांसह लिहावं.

खडकओळख

चांगला विषय. ओळखण्यापासून सुरुवात करतो.

घरबसल्या आधी तीन नकाशे बघा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर १:५०,००० चे टोपोशीट (जमिनीचा चढ-उतार दाखवणारे नकाशे) मिळतात. त्यात समोच्च रेषांना न जुमानता सरळ जाणारी अरुंद धार दिसली की खूण करा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ पोर्टलवर मोठ्या डाईक नकाशात दाखवलेल्या असतात. तिसरं, गूगल अर्थवर एप्रिल-मे महिन्याचं जुनं चित्र काढा. सगळं शिवार वाळलेलं असताना एका सरळ रेषेत बोरी, बाभळी, कडुनिंब हिरवे दिसले तर तिथे भेगांत ओल आहे.

मग पायी फिरा. सगळ्या डाईक धारेसारख्या वर उठलेल्या नसतात, हे नीट लक्षात ठेवा. आजूबाजूचा खडक मऊ असेल तर डाईक वर राहते. डाईकच जास्त कुजली असेल तर तिथे उलट लांब सरळ खळगा पडतो. त्यात काळी माती साचते आणि वरून काहीच कळत नाही. अशा ठिकाणी जवळच्या विहिरीत उतरून भिंत बघणं हाच खात्रीचा उपाय.

विहिरीत काय दिसेल? आडव्या थरांना कापत जाणारा उभा पट्टा. कडेचा दगड फार बारीक कणांचा, जवळजवळ काचेसारखा, कारण तिथे शिलारस पटकन थिजला. मध्यभागी कण मोठे. आणि सांधे आडवे. लाव्हाच्या थरात थंड होताना पडणारे खांब उभे असतात, डाईकमध्ये ते तिच्या भिंतीला काटकोनात, म्हणजे आडवे पडतात. सरपण रचून ठेवल्यासारखे षटकोनी दांडे दिसले की शंकाच नको.

आता पाण्याचं. तीन जागा वेगवेगळ्या तपासा: डाईकचा गाभा, दोन्ही कडा, आणि कडेला लागून असलेला मूळ खडक. गाभा घट्ट आणि हातोडी मारली की खणखण वाजणारा असेल तर पाणी आडवं जात नाही. कडेचा मूळ खडक मात्र भाजून तडकलेला असतो, आणि बऱ्याचदा पाणी डाईकच्या लांबीच्या दिशेने याच कडेने वाहतं. त्यामुळे ‘डाईक अडवते की नेते’ असा एकच प्रश्न विचारून भागत नाही. एकच डाईक उत्तर-दक्षिण अडवते आणि पूर्व-पश्चिम नेते, असं अगदी सहज असतं.

शिवारफेरी

@खडकओळख, विहिरीत उभा पट्टा नाही पण लाल मातीचा आडवा थर दिसतो, तो कशाचा?

खडकओळख

तो गेरू. दोन लाव्हा थरांच्या मधला. त्याचा डाईकशी संबंध नाही, पण पाण्याशी आहे. गेरू चिकट असतो, वरचं पाणी खाली जाऊ देत नाही. तुमच्या विहिरीचा झरा गेरूच्या वर असेल तर खाली बोअर मारताना वरचा भाग केसिंगने बंद करा, नाहीतर वरच्या थराचं पाणी बोअरमधून खालच्या भेगांत उतरतं आणि उथळ विहिरी लवकर कोरड्या पडतात.

लेव्हलवाला

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मोजमापात आहे, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

डाईकच्या दोन्ही बाजूंच्या मिळून किमान सहा-आठ विहिरी निवडा. वापरातल्या असल्या तरी चालतील, पण पाणी उपसण्याआधी पहाटे मोजायचं. रात्री वीज असते तिथे मोटर बंद करून किमान सहा-आठ तास जाऊ द्या. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर लाल रंगाने एक खूण करा. दर वेळी टेप त्याच खुणेवरून सोडायचा. टेपच्या शेवटच्या मीटरला खडू घासा, पाण्यात बुडवा, ओला भाग वाचून वजा करा. ‘चार परस पाणी आहे’ असं लिहू नका. खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर मीटरमध्ये, सेंटिमीटरपर्यंत लिहा.

आता मुख्य काम. नुसती खोली कुठल्याही दोन विहिरींची तुलना करायला उपयोगाची नाही, कारण जमीन वर-खाली असते. सगळ्या खुणा एका पातळीला बांधाव्या लागतात. शाळेची पायरी किंवा मंदिराचा जोता १००.००० मीटर धरा आणि ऑटो लेव्हल (पातळी मोजायचं दुर्बिणीचं यंत्र) लावून प्रत्येक कठड्याची पातळी काढा. नाल्याच्या तळाची पातळी दर ५० मीटरवर घ्या. डाईक तळात उघडी असेल तर तिच्या माथ्याचीही घ्या. मागची आणि पुढची पट्टी यंत्रापासून सारख्या अंतरावर, ४० मीटरच्या आत. परत त्याच खुणेवर येऊन बंद करा. एक किलोमीटरच्या फेरीत फरक २ सेंमीपेक्षा जास्त आला तर पुन्हा.

मोबाईलच्या जीपीएसची उंची वापरू नका. ती काही मीटरने हुकते, आणि आपण जे शोधतोय ते बऱ्याचदा मीटर-दोन मीटरच्याच फरकात असतं.

मग विहिरीच्या खुणेची पातळी वजा पाण्याची खोली म्हणजे पाण्याची पातळी. उदाहरण घ्या. डाईकच्या दक्षिणेची (वरची) विहीर: खूण १०१.४०, खोली ३.१०, पाणी ९८.३०. उत्तरेची (खालची) ६० मीटरवरची विहीर: खूण १००.६०, खोली ६.८०, पाणी ९३.८०. साठ मीटरमध्ये साडेचार मीटरची उडी. जमिनीचा उतार तेवढाच ८० सेंमी. ही डाईक अडवते.

फरक जमिनीच्या उताराएवढाच आला तर तिथे डाईक फुटकी आहे किंवा मुळातच पाझरते.

पंपचाचणी

लेव्हलवाला यांच्या पद्धतीला दोन जोड.

एक, दोन्ही बाजूंच्या विहिरींच्या पाण्याची क्षारता हातातल्या टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटरने बघा. पाणी सरळ एकमेकांत मिसळत असेल तर आकडे जवळपास येतात. एकीकडे ४५० आणि दुसरीकडे ९०० आलं तर संबंध कमी. हा पुरावा एकटा पुरेसा नाही, पातळीसोबत वाचायचा.

दोन, उपसा चाचणी. डाईकजवळची विहीर स्थिर प्रवाहाने उपसा आणि दर काही मिनिटांनी पातळी लिहा. वेळ लॉग मापावर आणि घट (पाणी मूळ पातळीपेक्षा किती खाली गेलं ते) साध्या मापावर मांडली की सुरुवातीचे बिंदू एका सरळ रेषेत येतात. काही वेळाने रेषेचा उतार दुप्पट झाला तर उपशाचा परिणाम पाणी न देणाऱ्या भिंतीपर्यंत पोचला. उलट रेषा आडवी होत गेली तर कुठून तरी पाणी येतंय, नाला किंवा भरलेली भेग. मोठ्या व्यासाच्या विहिरीत पहिला बराच वेळ विहिरीत साठलेलंच पाणी निघतं, तो भाग रेषेत धरू नका. बहुतेकांचा निष्कर्ष इथेच चुकतो.

उपसा थांबल्यावर पाणी कसं चढतं तेही लिहा, त्यावरून विहिरीची ताकद कळते. ६ मीटर व्यासाची विहीर, तळाचं क्षेत्र २८.२७ चौ. मी. मोटर बंद करताना घट ३ मी., १८० मिनिटांनी १.५ मी. उरली. मग २.३०३ × २८.२७ ÷ १८० × लॉग(३ ÷ १.५) = ०.१०९ घनमीटर प्रति मिनिट, प्रति मीटर घट. म्हणजे एक मीटर घटीला मिनिटाला १०९ लिटर. काम करण्याआधी आणि नंतर, त्याच महिन्यात, हीच चाचणी करा. ‘विहिरीला पाणी वाढलं’ या वाक्याला मग आधार राहतो.

शिरपूरकर_तापी

चर्चा चांगली आहे, पण खोलीकरणाविरुद्ध सूर लागतोय असं वाटतं. शिरपूर तालुक्यात सुरेश खानापूरकर यांनी नाले रुंद आणि खोल करून, साखळीने सिमेंट बंधारे बांधून जे काम केलं, ते आधी खडक समजून घेऊनच केलं. ते भूवैज्ञानिक आहेत, आयुष्यभर हेच बघत आले. गाळाच्या भागात वरचा चिकणमातीचा थर पाणी खाली जाऊच देत नाही. तो कापून वाळूपर्यंत पोचलं तरच पाणी मुरतं. तिथे दीड मीटर खोदून काही उपयोग नाही.

बुराईकाठ

@शिरपूरकर_तापी भाऊ, तुमनी गोट खरी शे. विरोध खोलीकरणाला नाहीच. तापीच्या उत्तरेकडच्या गाळाला जे लागू पडतं ते दक्षिणेकडच्या डाईकवाल्या काळ्या दगडाला (बेसाल्टला) तसंच उचलून लावायला विरोध आहे. राज्यभर ‘पॅटर्न’ म्हणून खोदाई झाली, तेव्हा त्यातला खडक समजून घ्यायचा भाग गळून गेला आणि पोकलेन तेवढं उरलं. सरकारी मार्गदर्शक सूचनांतही खोलीला ३ मीटरची मर्यादा घातलेली होती.

लेव्हलवाला

खोली ३ मीटर की ६ मीटर हे आधी ठरवायचंच नाही. ऑक्टोबरमधली विहिरीतल्या पाण्याची पातळी आणि नाल्याच्या तळाची पातळी शेजारी ठेवा.

तळ ९८.०० आणि जवळच्या विहिरींचं पाणी ९५ असेल तर नाला जमिनीला पाणी देतो. खोल केलं तर साठा वाढेल, मुरेल. पण तळ ९८.०० आणि विहिरींचं पाणी ९९.२० असेल तर जमीनच नाल्याला पाणी देतेय. तिथे तीन मीटर खोदलं की आजूबाजूच्या विहिरींचं पाणी त्या खड्ड्यात येऊन उन्हाने उडून जाणार. खड्डा डिसेंबरपर्यंत भरलेला दिसतो, फोटो चांगला येतो, आणि विहिरी जानेवारीतच खाली जातात.

डाईकच्या वरच्या अंगाला नेमकी हीच दुसरी परिस्थिती असते. भूजल आधीच अडून वर आलेलं असतं. पावसाळा संपता संपता जमीन भरलेली असते, नवं पाणी मुरायला जागाच नसते. तिथे बंधारा बांधून मुरवणूक वाढत नाही.

खडकओळख

आणि त्याहून वाईट म्हणजे तळात उघडी पडलेली डाईकच फोडणं. खोदकाम करणाऱ्याला ती ‘मधे आलेला कठीण दगड’ वाटते. ब्रेकर लावून किंवा सुरुंग लावून नाला एकसारखा खोल केला जातो. वरच्या बाजूला जमिनीखाली साठलेलं पाणी त्या खाचेतून खाली निघून जातं. नाल्याला जितकी खाच, तितकी वरच्या विहिरींची पातळी कायमची खाली. डाईक परत जोडता येत नाही. खाचेत सिमेंटची भिंत घालून पाहतात, पण सुरुंगाने तडे दोन्ही बाजूंच्या खडकात पसरलेले असतात आणि पाणी भिंतीच्या बाजूने निघून जातं.

म्हणून नियम साधा ठेवा. तळात डाईक उघडी असेल तिथे तिच्या माथ्याच्या पातळीखाली खोदायचं नाही. खालच्या अंगाला खोदायचं तर कडेचा भाजलेला, तडकलेला पट्टा सोडून पुढे. तो पट्टा किती रुंद आहे हे खड्डा घेऊन बघा, सगळीकडे सारखा नसतो. खोदाईही सलग नको. तुकड्यातुकड्यांत, मधे न खोदलेला तळ ठेवून.

आडव्या बोअरबद्दलही लिहायला हवं. खालच्या अंगाच्या विहिरीतून डाईकच्या दिशेने ३०-४० मीटर आडवं बोअर मारलं की धो धो पाणी लागतं, आणि आडवे बोअर घेणारे लोक त्याच आशेने भिंतीकडे तोंड करून मारतात. ते पाणी नवं नसतं, वरच्या अंगाच्या शेतकऱ्याच्या साठ्यातलं असतं. दोन हंगामांत वरच्या विहिरी आणि हे बोअर दोन्ही एकाच पातळीला येतात. आडवं बोअर मारायचंच तर डाईकला समांतर, आपल्याच बाजूच्या तडकलेल्या कडेत मारा.

वर्षामापक

सगळे जमिनीखालचं बोलताहेत. नाल्यात येणारं पाणी किती, हेही मोजा ना. नाहीतर बंधाऱ्यांची साखळी मोठी आणि पाणी थोडं, असं होतं आणि खालच्या गावाशी भांडण लागतं.

दख्खनच्या पठारासाठी इंग्लिस आणि डिसूझा यांचं १९२९ चं सूत्र अजून कामाला येतं: अपधाव (नाल्यात वाहून येणारं पाणी) = पाऊस × (पाऊस − १७.८) ÷ २५४, दोन्ही सेंटिमीटरमध्ये, वर्षाचे. ६० सेंमी पावसाला ९.९७ सेंमी अपधाव येतो. ४५ सेंमी पावसाला ४.८२. पाऊस २५ टक्के घटला, नाल्यातलं पाणी निम्म्याहून जास्त घटलं. ३०० हेक्टर पाणलोटाला हे सुमारे ३ लाख घनमीटर आणि १ लाख ४५ हजार घनमीटर. आराखडा सरासरी वर्षावर करतात आणि अडचण कमी पावसाच्या वर्षी येते. साखळीची क्षमता कमी पावसाच्या आकड्यावर ठरवा.

सूत्र वार्षिक आहे, एका सरीचा हिशेब त्याने करू नका. त्यासाठी वक्र क्रमांक (कर्व्ह नंबर) पद्धत: माती, पीक आणि ओलावा बघून जमिनीला क्रमांक द्यायचा, क्रमांक जितका मोठा तितकं जास्त पाणी वाहून जातं. काळ्या मातीच्या लागवडीखालच्या जमिनीला मध्यम ओलाव्यात ८५ च्या आसपास क्रमांक धरला तर एकाच ६० मिमीच्या सरीचं काय होतं बघा. आधीच्या पाच दिवसांत ३६ मिमीपेक्षा कमी पाऊस असेल, तर क्रमांक ७१ वर येतो, सुरुवातीचं शोषण जमीन जास्तीत जास्त धरेल त्या पाण्याच्या ०.३ पट धरायचं, अपधाव ६ मिमीच्या आसपास. आधीच्या पाच दिवसांत ५३ मिमीपेक्षा जास्त झालेला असेल, तर क्रमांक ९३, शोषण ०.१ पट, अपधाव ४४ मिमी. तेवढाच पाऊस, सातपट पाणी. काळ्या मातीच्या भेगा उघड्या असताना जूनची सर शेतातच जिरते. सप्टेंबरची सर नाला फोडते. बंधाऱ्याचा सांडवा दुसऱ्या आकड्यावर ठरतो.

पर्जन्यमापक शिवारातच बसवा. महसूल मंडळाचा आकडा दहा-पंधरा किमीवरचा असतो आणि आपल्याकडे सर एका गावात पडते, शेजारच्या गावात नाही. उघड्यावर, झाड-भिंतीपासून त्यांच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर, रोज सकाळी साडेआठला वाचन.

केळीपट्टा_यावल

आमच्या बाजूचं थोडं लिहितो, म्हणजे फरक कळेल.

यावल-रावेरला सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे-वाळूचा बझाडा पट्टा आहे आणि त्याच्या खाली तापीचा जाड गाळ. डाईकचा प्रश्न नाही, भूजलाची पातळी नाल्याच्या तळापेक्षा खूप खाली. म्हणजे लेव्हलवाला यांची पहिली परिस्थिती. केंद्रीय भूजल मंडळाने यावल तालुक्यातल्या टीई-१७ पाणलोटात कृत्रिम पुनर्भरणाचे प्रयोग केले ते म्हणूनच. पाझर तलाव आणि पुनर्भरण शाफ्ट (पाणी खालच्या वाळूत उतरवायचे उभे खड्डे) दोन्ही.

आमची अडचण वेगळी: गाळ. पहिल्या पुरांचं पाणी गढूळ असतं. ते शाफ्टमध्ये गेलं की वाळूची तोंडं बुजतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत शाफ्ट निकामी. वरचा फिल्टर (खाली मोठे गोटे, मग खडी, वर जाड वाळू) दर उन्हाळ्यात उघडून वरची वाळू बदलायची, आणि जूनचं पहिलं पाणी शाफ्टकडे वळवायचंच नाही. पाझर तलावाच्या तळातला चिखलाचा थर मे महिन्यात वाळून भेगाळतो, तेव्हाच खरवडून काढा. चार बोटं चिखलही मुरवणूक निम्म्यावर आणायला पुरेसा असतो.

साठवणीचा फरकही बघा. ४० हेक्टरमध्ये पातळी ३ मीटर वाढली. कुजलेल्या बेसाल्टची साठवण २ टक्के धरली तर २४,००० घनमीटर पाणी. आमच्या पोयटा-वाळूच्या गाळात १० टक्के धरली तर १,२०,०००. पातळी तेवढीच चढली, पाणी पाचपट.

पंपचाचणी

@केळीपट्टा_यावल, हा आकडा साक्रीच्या लोकांनी भिंतीवर लिहून ठेवावा. २४,००० घनमीटर म्हणजे गव्हाला हंगामात ४५० मिमी लागतं असं धरलं तर साडेपाच हेक्टरच्याही आत. चाळीस हेक्टरखालच्या खडकात तीन मीटर पाणी चढवून साडेपाच हेक्टर गहू. म्हणून नुसती ‘विहीर तीन मीटर चढली’ ही बातमी पुरेशी नाही. चढलेल्या पाण्याच्या भरवशावर पीक बदललं तर फेब्रुवारीत सगळे बोअरच्या मागे लागतात.

आणि पाऊस जास्त झालेल्या वर्षाची पातळी कमी पावसाच्या वर्षाशी लावून कामाचं यश सांगू नका. शेजारच्या, काम न झालेल्या नाल्यावरच्या दोन विहिरीही त्याच तारखांना मोजा. तुमच्याकडच्या वाढीतून तिकडची वाढ वजा केल्यावर उरतं ते तुमच्या कामाचं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये निरीक्षण विहिरी मोजते. तुमच्या तारखा त्याच्या जवळ ठेवा, म्हणजे जुळवून बघता येतं.

पांझराफड

फडपद्धतीच्या (गावाने मिळून पाणी वाटायची जुनी पद्धत, फड म्हणजे शेतांचा एक गट) पट्ट्यातून एक मुद्दा. पांझरेवरचे जुने बंधारे बघितले तर नदीत पक्का खडक उघडा असेल तिथेच पाया घेतलेला आहे. पाणी जमिनीखाली कोंडण्यापेक्षा वळवण्यावर भर. बंधाऱ्यातून कालवा, कालव्यातून चारी, चारीतून सारंग (शेतापर्यंतची छोटी चारी), आणि जास्तीचं पाणी काढायला सांडवे. त्या वर्षी किती पाणी आहे ते बघून कोणते फड भिजवायचे, कोणते पडीक ठेवायचे हे गाव ठरवायचं, आणि एका फडात एकच पीक. पाटकरी पाणी द्यायचा, शेतकरी स्वतः दार उघडायचा नाही.

म्हणजे आधी पाणी मोजलं, मग पीक ठरलं. पंपचाचणी यांनी २४,००० घनमीटरचा हिशेब केला, तोच ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठेवता येतो. सहा-आठ विहिरींच्या पातळ्या, त्यावरून साठा, त्यावरून रब्बीचं क्षेत्र. डाईकने शिवाराचे कप्पे पाडलेच आहेत. प्रत्येक कप्प्याचा हिशेब वेगळा लिहा. वरच्या कप्प्यात पाणी आहे म्हणून खालच्यांनी कांद्याची रोपं टाकायची नाहीत.

शिवारफेरी

विद्युत सर्वेक्षणाने डाईक सापडते का? नारळ-तार घेऊन येणारे खूप आहेत, यंत्रवाले कमी.

खडकओळख

सापडते, पण मांडणी बरोबर हवी. झाकलेली डाईक शोधायची तर चार सळ्या सारख्या अंतरावर ठोकून (आधी १० मीटर, मग २० मीटर) पूर्ण मांडणी डाईकच्या अपेक्षित दिशेला काटकोनात, दर ५-१० मीटरने पुढे सरकवत न्या. बहुतेक डाईक पूर्व-पश्चिम, म्हणजे ओळ उत्तर-दक्षिण. पाणी धरलेल्या कुजलेल्या बेसाल्टवर रोधकता (वीज जायला होणारा अडथळा) काही दशक ओहम-मीटर असते, घट्ट डाईकवर एकदम शंभरच्या वर उडी मारते. कुजलेल्या, पाणी धरलेल्या डाईकवर उलट खाली जाते. एका ओळीवर विश्वास ठेवू नका. ५० मीटर सोडून दुसरी समांतर ओळ घ्या. दोन्हीत उडी एका रेषेत आली तरच डाईक. खोलीची चाचणी घ्यायची तर तारा डाईकला समांतर पसरा, नाहीतर एक सळी भिंतीच्या अलीकडे, एक पलीकडे येते आणि आलेख काहीही सांगतो.

लोखंडी पाइपलाइन, तारेचं कुंपण, विजेचे खांब यांपासून लांब. मे महिन्यात माती कोरडी असते, सळीच्या बुडाशी मिठाचं पाणी ओता, आणि वाचन स्थिर होईपर्यंत थांबा.

बुराईकाठ

सगळ्यांचे आभार. आराखड्यासाठी क्रम असा धरतोय: भूकोश आणि टोपोशीटवरून डाईकच्या रेषा, मग शिवारफेरी, मग आठ विहिरी आणि नाल्याचा तळ एका पातळीला बांधणं. या ऑक्टोबरचं आणि पुढच्या मेचं वाचन घेऊनच खोदाईचे तुकडे ठरवायचे. एक प्रश्न राहतो. नाल्यात दोन डाईक ३५० मीटर अंतराने आहेत. बंधारा या दोघींच्या मधे कुठे?

लेव्हलवाला

वाचन आल्यावरच पक्कं सांगता येईल, पण शक्यता अशी. खालची डाईक अडवत असेल तर तिच्या लगत वरचे १०० मीटर ऑक्टोबरमध्ये भरलेले असतील, ते सोडा. वरच्या डाईकच्या लगेच खाली पातळी सर्वांत खोल असते, मुरायला जागा तिथे. बंधारा त्या भागात घ्या, म्हणजे पाणी मुरून दोन डाईकमधला कप्पा भरतो आणि खालची डाईक ते धरून ठेवते. फक्त बंधाऱ्याचा फुगवटा (मागे पसरलेलं पाणी) वरच्या डाईकच्या माथ्यावरून मागे जाणार नाही एवढीच उंची ठेवा. बांधल्यावर भिंतीवर सेंटिमीटरची पट्टी रंगवून घ्या. पाऊस आणि आवक नसलेल्या दिवशी पाणी ४ सेंमी उतरलं आणि बाष्पपात्रातली (बाष्पीभवन मोजायच्या उघड्या पात्रातली) घट गुणिले ०.७ केल्यावर अर्धा सेंमी आली, तर साडेतीन सेंमी मुरलं. फुगवटा ३,००० चौ. मी. असेल तर दिवसाला १०५ घनमीटर. हा आकडा दर आठवड्याला लिहा. तो घसरायला लागला की तळात गाळ बसलाय.

खडकओळख

आणि पायाचा खड्डा घेताना तळात भाजलेला, तडकलेला पट्टा लागला तर बंधारा पाच-दहा मीटर खाली सरकवा. त्या पट्ट्यावर पाया घेतला तर पाणी भिंतीखालून डाईकच्या कडेने पूर्वेला-पश्चिमेला निघून जाईल, शेजारच्या शिवारात.